पी-५३ ‘म्युटंट’ लिहिलंय, म्हणजे आईचे दिवस कमी का?

प्रश्न असा आहे. आई ५८ वर्षांची. पोट फुगलं म्हणून सोनोग्राफी, मग सीटी. पोटात पाणी, दोन्ही ओव्हरींवर गाठी, ओमेंटमवर, म्हणजे पोटातल्या चरबीच्या पडद्यावर, जाड थर. ओमेंटमची बायोप्सी झाली आणि निदान आलं: हाय ग्रेड सीरस कार्सिनोमा, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरचा एक प्रकार, स्टेज थ्री-सी. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, असं ठरलं. तीन केमो झाल्या, ऑपरेशन पुढच्या पंधरवड्यात आहे. सीए-१२५ हे रक्तातलं प्रोटीन सुरुवातीला १२४० होतं, आता ८६. बायोप्सीच्या रिपोर्टवर पॅक्स-८ पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह, पी-५३ म्युटंट पॅटर्न, ईआर ६० टक्के, पीआर निगेटिव्ह, केआय-६७ सत्तर टक्के, असं लिहिलंय. मुलीने रात्र जागून हे शब्द शोधले. ‘पी-५३ म्युटंट असेल तर आयुष्य कमी’, ‘केआय-६७ जास्त तर कॅन्सर जास्त आक्रमक’ असं काहीबाही हाती लागलं. ती विचारते, या प्रोटीनवरून आई किती जगेल ते कळतं का? आणि अजून काही मार्कर करून घ्यायला हवेत का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट जिथे लिहिले जातात त्या खोलीत माझी बावीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी बायकांच्या कॅन्सरच्या स्लाइड बघण्यात. म्हणून आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. तुमच्या हातातल्या कागदावरची जवळजवळ सगळी प्रोटीनं रोगाचं नाव पक्कं करायला तपासलेली आहेत, आयुष्य मोजायला नाहीत. तुम्हाला जे जाणून घ्यायचंय ते ज्या कागदांवर असेल ते कागद अजून यायचे आहेत.

पी-५३ पासून सुरू करू, झोप त्यानेच उडवली आहे. हे पेशीतलं राखणदार प्रोटीन. डीएनए बिघडला की पेशीची वाढ थांबवायची, दुरुस्ती होऊ द्यायची, आणि तेही जमत नसेल तर पेशीला मरायला लावायचं, हे त्याचं काम. हाय ग्रेड सीरस कॅन्सरमध्ये या प्रोटीनचा जीन बिघडलेला असतो, आणि तोही जवळजवळ प्रत्येकीत. २०१० मध्ये जीनचा मजकूर अक्षर न् अक्षर वाचून पाहिला गेला तेव्हा सुमारे ९७ टक्के गाठींत बिघाड सापडला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने ३१६ गाठी वाचल्या, तिथे ९६ टक्के. ज्या गावात शंभरातल्या सत्त्याण्णव घरांवर पत्रे आहेत, तिथे पत्र्यावरून कोणतं घर श्रीमंत ते कसं सांगणार? तुमच्या आईचा पी-५३ बिघडलेला आहे म्हणजे तिला हाय ग्रेड सीरस आहे. इतकंच. हे तुम्हाला आधीच माहीत होतं. उलट पी-५३ सरळ आला असता तर मी खुर्चीत ताठ बसलो असतो आणि ‘आपलं निदान तर चुकत नाही ना?’ असा प्रश्न पडून ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा, पुन्हा कापायला लावला असता.

मग ‘आयुष्य कमी’ हे आलं कुठून? त्यामागे एक मजेदार गोंधळ आहे. १९९०च्या दशकात पी-५३ च्या आयएचसीवर, म्हणजे स्लाइडवर अँटिबॉडीचा रंग चढवून प्रोटीन बघण्याच्या तपासणीवर, लेखांचा पूर आला होता. रंग गडद चढला की ‘पॉझिटिव्ह’, नाही चढला की ‘निगेटिव्ह’, अशी वाटणी. पण जीन दोन तऱ्हांनी बिघडतो. एका तऱ्हेत प्रोटीन वेडंवाकडं बनतं, पेशीला ते मोडून टाकता येत नाही, ते साचत जातं आणि केंद्रक काळेभोर दिसतं. दुसऱ्या तऱ्हेत प्रोटीन बनायचंच थांबतं, आणि कॅन्सरच्या पेशी कोऱ्या राहतात. दोन्हीकडे जीन मोडलेलाच. जुन्या अभ्यासांनी या कोऱ्या गाठींना ‘नॉर्मल’च्या टोपलीत टाकलं. भर म्हणून ओव्हरीच्या कॅन्सरचे सगळे प्रकार एकत्र मोजले. मग कुणाला पी-५३ वाईट दिसला, कुणाला चांगला, कुणाला काहीच नाही. आज आम्ही ‘पॉझिटिव्ह’ असं लिहीत नाही, ‘म्युटंट पॅटर्न’ (बिघडलेला) आणि ‘वाइल्ड-टाइप पॅटर्न’ (सरळ) असं लिहितो, ते याच अनुभवातून.

कोरी स्लाइड वाचायची एक खूण सांगतो, कारण आमच्या कामाची सगळी मेख तिथे आहे. कॅन्सरच्या पेशींभोवतीच्या साध्या पेशींत, लिम्फोसाइटमध्ये, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, पी-५३ चा फिकट, विरळ रंग दिसायलाच हवा. त्या पेशी रंगल्या आणि कॅन्सरच्या पेशी कोऱ्या राहिल्या, तर जीन मोडला आहे. सगळंच कोरं असेल तर मोडली आहे ती आमची रंगाची प्रक्रिया. हा फरक न बघता लिहिलेले रिपोर्ट मी सेकंड ओपिनियनसाठी अनेकदा पाहिले आहेत.

आता केआय-६७. ज्या पेशी विभाजनाच्या फेऱ्यात आहेत त्यांच्यात हे प्रोटीन दिसतं. सत्तर टक्के म्हणजे शंभरातल्या सत्तर पेशी वाढायच्या तयारीत. ऐकायला भीती वाटते हे खरं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये हा आकडा कामाचा आहे, म्हणून तो सगळीकडे फिरतो. ओव्हरीत त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी प्रत्येक नव्या निवासी डॉक्टरला सांगतो.

२००८ मध्ये कॅनडातल्या एका गटाने ओव्हरीच्या कॅन्सरच्या ५०० गाठींत २१ मार्कर तपासले. सगळ्या गाठी एकत्र धरल्या तेव्हा २१ पैकी नऊ मार्कर आयुष्याशी जोडलेले दिसले. मग त्यांनी फक्त हाय ग्रेड सीरस बाजूला काढून तेच गणित केलं, तेव्हा उरले तीन. केआय-६७ तर एकत्र मोजल्यावर ठळक होता, पण एकेका प्रकाराच्या आत पाहिल्यावर त्याने काहीच सांगितलं नाही. असं का होतं? ज्वारी, तांदूळ आणि हरभरा एकाच पोत्यात ओता आणि दाण्याचा आकार व शिजायला लागणारा वेळ यांचा हिशोब मांडा. ‘दाणा जितका मोठा तितका वेळ जास्त’ असा नियम सापडेल. पण तो नियम दाण्याच्या आकाराचा नाही, हरभरा हरभरा असल्याचा आहे. हाय ग्रेड सीरसमध्ये केआय-६७ जास्त असतो आणि तो रोग उशिरा, पसरल्यावर सापडतो. लो ग्रेड सीरसमध्ये केआय-६७ कमी असतो आणि तो रोग संथ असतो. दोघांना मिसळलं की केआय-६७ ज्योतिषी वाटायला लागतो.

ओव्हरीचा कॅन्सर हा एक रोग नाही हे या सगळ्याच्या मुळाशी आहे. हाय ग्रेड सीरस, लो ग्रेड सीरस, एंडोमेट्रिऑइड, क्लिअर सेल आणि म्युसिनस हे पाच मोठे प्रकार. हाय ग्रेड सीरसची सुरुवात तर बऱ्याचदा ओव्हरीत नव्हे, फॅलोपियन नळीच्या झालरीसारख्या टोकाशी होते. कोणत्याही प्रोटीनबद्दल ‘हे ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाईट’ असं वाचलंत तर पहिला प्रश्न हाच विचारा: पाचांतल्या कोणत्या? उत्तर नसेल तर तो लेख बाजूला ठेवा. एंडोमेट्रिऑइडमध्ये पी-५३ बिघडलेला असणं खरोखरच वाईट लक्षण आहे, कारण तिथे तो सहसा सरळ असतो. तुमच्या आईच्या रिपोर्टवर पॅक्स-८ आणि डब्ल्यूटी-१ हे दोन्ही पॉझिटिव्ह असण्याचं काम म्हणजे गाठ याच घराण्यातली आहे आणि सीरसच आहे, ती आतड्याची किंवा जठराची पसरलेली नाही, एवढं सांगणं.

ईआर आणि पीआर, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन झेलणारी प्रोटीनं, यांच्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. हाय ग्रेड सीरसच्या आत राहूनही थोडं काही सांगणारं जे मोजकं आहे, त्यात पीआर आहे. २०१३ मध्ये बारा केंद्रांच्या २९३३ बायकांचा एकत्र अभ्यास आला. त्यात हाय ग्रेड सीरसमध्ये ज्यांच्या अर्ध्याहून अधिक पेशींत पीआर होता त्या जास्त जगल्या. एंडोमेट्रिऑइडमध्ये ईआर आणि पीआर दोन्हींचा फायदा दिसला. पण हेही पाहा, हाय ग्रेड सीरसमध्ये कसाबसा का होईना पीआर सापडतो तो फक्त तिघींत एकीला. म्हणजे तुमच्या आईचा पीआर निगेटिव्ह आहे ही दुर्दैवाची खूण नाही, ती बहुमतात आहे. आणि पीआर असता तरी तिला तीच केमो आणि तेच ऑपरेशन सांगितलं असतं.

दुसरी ठोस गोष्ट कॅन्सरच्या पेशींत नाहीच, कॅन्सरमध्ये घुसलेल्या शरीराच्या शिपायांत आहे. सीडी-८ हे टी लिम्फोसाइटवरचं प्रोटीन. २००३ मध्ये फिलाडेल्फियाच्या गटाने १८६ गाठी तपासल्या. गाठीच्या आत टी पेशी होत्या त्या बायकांपैकी ३८ टक्के पाच वर्षं जगल्या, ज्यांच्यात नव्हत्या त्यांच्यापैकी फक्त साडेचार टक्के. आकडे इतके डोळे दिपवणारे होते की आमच्या क्षेत्रात खळबळ माजली. पहिल्या अभ्यासातला फरक मोठ्या अभ्यासात आकसतो, हा इथला जुना रिवाज. २०१७ मध्ये साडेपाच हजारांवर गाठींचा अभ्यास आला आणि फरक राहिला, पण माणसात आला: हाय ग्रेड सीरसमध्ये सीडी-८ पेशी अजिबात नव्हत्या तिथे मध्यक आयुष्य (निम्म्या बायका ज्याहून जास्त जगल्या ते) २.८ वर्षं, भरपूर होत्या तिथे ५.१ वर्षं. हा फरक खरा आहे आणि जैविकदृष्ट्या सुंदरही. तरी मी तो रिपोर्टवर लिहीत नाही. कारण तो लिहिल्यावर डॉक्टरांनी करायचं काय? ‘शिपाई आहेत, मग इम्युनोथेरपी देऊ’ हा विचार साहजिक होता, पण पहिल्या फळीच्या उपचारात केमोच्या जोडीला अशी औषधं देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही.

इथे एक फरक मनात पक्का करून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. काही मार्कर आयुष्याबद्दल सांगतात, काही औषध निवडून देतात. पहिल्या जातीचे जर्नलमध्ये शेकड्यांनी आहेत, दुसऱ्या जातीचे बोटांवर मोजण्याइतके. डॉक्टर म्हणून मला आणि नातेवाईक म्हणून तुम्हाला कामाचे आहेत ते दुसरे. हर-२ या पेशीवरच्या प्रोटीनाने तर या दोन्ही घरांत राहून पाहिलं. १९८९ मध्ये स्तन आणि ओव्हरी दोन्हींच्या कॅन्सरमध्ये हर-२ जास्त असला की आयुष्य कमी, असा गाजलेला शोधनिबंध आला. स्तनात त्यातून ट्रॅस्टुझुमॅब हे औषध आलं आणि लाखो बायका वाचल्या. ओव्हरीतही तेच होईल म्हणून ८३७ गाठी तपासल्या, त्यांत हर-२ पुरेसा होता फक्त ११.४ टक्क्यांत, आणि औषध दिलेल्यांपैकी गाठ आकसली सात टक्क्यांत. २००३ मध्ये ते निकाल आले आणि ओव्हरीतल्या हर-२ ची फाइल बंद झाली. मग वीस वर्षांनी, हर-२ ला चिकटून पेशीत विष सोडणारं ट्रॅस्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन आलं. आता हर-२ थ्री प्लस, म्हणजे स्लाइडवर सर्वांत गडद, असेल तर गाठ कुठल्याही अवयवातली असो, इतर उपचार संपल्यावर ते देता येतं. अमेरिकेत २०२४ मध्ये तशी परवानगी मिळाली. प्रोटीन तेच, स्लाइड तीच. औषध बदललं, तेव्हा त्याच स्लाइडला किंमत आली.

फोलेट रिसेप्टर अल्फाचंही तसंच. हे प्रोटीन हाय ग्रेड सीरसच्या बऱ्याच गाठींवर भरपूर असतं. त्याच्यावरून आयुष्य सांगायचे प्रयत्न विस्कळीत निघाले. पण त्याला धरून पेशीत शिरणारं मिर्व्हेटक्सिमॅब हे औषध निघालं, आणि प्लॅटिनमला, म्हणजे नेहमीच्या केमोतल्या मुख्य औषधाला, दाद न देणाऱ्या रोगात केमोपेक्षा त्याने मध्यक आयुष्य १२.७५ महिन्यांवरून १६.४६ महिन्यांवर नेलं. अट एकच, ७५ टक्के पेशींत मध्यम किंवा गडद रंग. या मार्करची आईला आज गरज नाही. रोग परत आला आणि प्लॅटिनम चालेनासं झालं, तर तेव्हा ब्लॉकवर करता येईल. ‘ब्लॉकवर’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

तुम्ही एक जास्तीचा प्रश्नही विचारला होता: एकेक प्रोटीन पुरेसं नसेल तर पुष्कळ प्रोटीनं एकत्र मोजून भाकीत करता येत नाही का? प्रयत्न झाले आहेत आणि चांगल्या लोकांनी केले आहेत. २०१३ मध्ये नऊ प्रोटीनांचा एक निर्देशांक आला, रोग लवकर परतेल की उशिरा हे सांगणारा. २०१६ मध्ये कॅन्सर जीनोम अ‍ॅटलासच्याच गाठींतली हजारो प्रोटीनं मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजली गेली. मला सर्वांत कामाचा वाटतो तो २०२३ चा ६४ प्रोटीनांचा संच, कारण त्याने प्रश्न नेमका विचारला: पहिल्या प्लॅटिनमलाच दाद न देणाऱ्या बायका आधी ओळखता येतील का? अशा सगळ्या तो ओळखू शकत नाही, काहीच ओळखतो, पण ज्यांच्यावर बोट ठेवतो तिथे क्वचितच चुकतो. हे रोजच्या वापरात आलं तर त्या बायकांना तीन-चार महिन्यांची निरुपयोगी केमो टळेल. अजून ते आलेलं नाही, आणि पुण्या-मुंबईच्या कुठल्या लॅबने ‘ओव्हेरियन प्रोटीन प्रोग्नोसिस पॅनल’ अशा नावाने काही विकायला काढलं तर पैसे वाचवा.

हे पॅनल लॅबबाहेर पडताना का लंगडतात, याचं एक कारण फारच घरगुती आहे. गाठ शरीरातून निघाल्यापासून फॉर्मलिनमध्ये नीट मुरेपर्यंत तिच्यातली प्रोटीनं बदलत असतात. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका नर्सिंग होममधून आलेली गाठ मला आठवते. नारळाएवढी गाठ लोणच्याच्या बरणीएवढ्या डब्यात कोंबलेली, फॉर्मलिन जेमतेम अर्धा पेला, तेही दोन दिवसांपूर्वीचं. कापली तर कडेने करडी, मुरलेली, आणि मधोमध लालसर, अर्धवट सडलेली. कडेच्या तुकड्यात ईआर झकास पॉझिटिव्ह, मधल्या तुकड्यात शून्य. एकाच बाईचे, एकाच गाठीचे दोन निकाल. मी फक्त मधला तुकडा घेतला असता तर रिपोर्ट खोटा गेला असता आणि कुणाला कळलंही नसतं. मोठ्या अभ्यासांत असे कितीतरी मधले तुकडे दडलेले असतात. म्हणून, तुमच्या ओळखीत कुणाचं ऑपरेशन छोट्या गावात होत असेल तर गाठीच्या दहापट फॉर्मलिन आणि रुंद तोंडाची बरणी, एवढं आधीच विचारून ठेवा.

आता रक्तातलं प्रोटीन, सीए-१२५. याची अँटिबॉडी १९८१ मध्ये रॉबर्ट बास्ट यांच्या गटाने बनवली, आणि ३५ ही नॉर्मलची रेषा १९८३ पासून चालत आली. आईचे १२४० पाहून तुम्ही घाबरलात, पण सुरुवातीचा आकडा मुख्यत्वे पोटात रोगाचा पसारा किती आणि पोटाच्या अस्तराचा किती दाह आहे ते सांगतो. १२४० वाली बाई ४०० वालीपेक्षा तिप्पट वाईट अवस्थेत आहे असं अजिबात नाही. आपल्याकडे तर पोटाचा टीबी हा सीए-१२५ चा सख्खा भाऊ आहे. पोटात पाणी, ओमेंटम जाड, सीए-१२५ पाचशेच्या घरात, सीटीवर ‘कॅन्सर, थर्ड स्टेज’, आणि बायोप्सीत निघतात टीबीचे ग्रॅन्युलोमा. अशा बायकांचे चेहरे मला आठवतात, कारण रिपोर्ट हातात देताना हसता येतं असे प्रसंग आमच्या धंद्यात थोडे. बायोप्सीशिवाय केमो सुरू करू नये हे मी हट्टाने सांगतो ते त्यामुळे. तुमच्या आईची बायोप्सी झाली, ते योग्यच झालं.

पहिल्या आकड्यापेक्षा बोलकं काय, तर उतरण. फ्रान्समधल्या ल्योंच्या बेनुआ यू यांच्या गटाने केलिम नावाचं गणित मांडलं. पहिल्या केमोपासूनच्या शंभर दिवसांतले सीए-१२५ चे किमान तीन आकडे, तारखांसकट, त्यात घालायचे. उत्तर एक किंवा त्याहून जास्त आलं तर गाठ केमोला चांगली दाद देते आहे. ते इंटरनेटवर फुकट करता येतं. तुम्ही दोनच आकडे पाठवलेत, मधले रिपोर्ट शोधा आणि ऑन्कोलॉजिस्टकडे न्या. १२४० वरून ८६ ही उतरण माझ्या डोळ्यांना तरी चांगली दिसते. केलिम स्वतः करून एकट्याने रात्री बघत बसू नका, एवढीच विनंती.

उपचार संपल्यावरची एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. दर महिन्याला सीए-१२५ करून आकडा ३० चा ३८ झाला की घरभर रडारड, हे मी फार पाहिलं आहे. २०१० मध्ये एका मोठ्या युरोपीय चाचणीचा निकाल आला. ५२९ बायका, ज्यांचा रोग उपचाराने गेला होता पण सीए-१२५ वाढू लागलं होतं. अर्ध्यांना आकडा वाढताच केमो, अर्ध्यांना त्रास सुरू झाल्यावर. पहिल्या गटाला केमो जवळपास पाच महिने आधी मिळाली, आयुष्य मात्र दोन्हीकडे सारखंच: २५.७ महिने आणि २७.१ महिने. आधी केमो घेतलेल्यांच्या वाट्याला फक्त आजारपणाचे जास्त दिवस आले. तपासणी किती वेळाने करायची हे ऑन्कोलॉजिस्टशी बोलून ठरवा, लॅबच्या ‘पॅकेज’वरून नाही.

तर मग आईबद्दल खरंच काही सांगणारे कागद कोणते? पहिला, सर्जनची ऑपरेशन नोट. तीत ‘नो ग्रॉस रेसिड्यूअल’, म्हणजे डोळ्यांना दिसणारा रोग शिल्लक नाही, असं लिहिलं असेल तर पीआर, सीडी-८ आणि नऊ प्रोटीनांचा निर्देशांक यांच्या बेरजेपेक्षा ती एक ओळ जास्त मोलाची आहे. या ऑपरेशनची सवय असलेला गायनॅक-ऑन्को सर्जन निवडणं हा तुमच्या हातात असलेला सर्वांत मोठा ‘मार्कर’. दुसरा कागद माझ्यासारख्या कुणाकडून येईल: ऑपरेशनमध्ये काढलेल्या ओमेंटमवर केमोचा परिणाम किती झाला त्याचा स्कोअर, एक ते तीन. तीन म्हणजे कॅन्सर जवळजवळ नाहीसा झालेला, आणि तीनवाल्या बायकांना रोग परत यायला जास्त वेळ लागतो. हा स्कोअर रिपोर्टवर नसेल तर फोन करून मागा, तो देणं आमचं काम आहे.

तिसरा कागद ब्रॅकाचा, म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जीनचा, आणि त्याच्या जोडीला एचआरडीचा, म्हणजे कॅन्सरच्या पेशीची डीएनए दुरुस्ती बिघडली आहे का हे बघणाऱ्या तपासणीचा. स्लाइडवरच्या प्रोटीनवरून हे नीट कळत नाही, जीन वाचावाच लागतो. त्यासाठी मात्र मी आग्रह धरीन. २०१२ मधल्या एका मोठ्या अभ्यासात पाच वर्षं जगलेल्यांचं प्रमाण जीन सरळ असलेल्यांत ३६ टक्के, बीआरसीए-१ बिघडलेल्यांत ४४ आणि बीआरसीए-२ बिघडलेल्यांत ५२ होतं. बिघाड असलेल्या जास्त जगल्या, हे वाचून लोक दोनदा वाचतात. कारण असं की ज्या पेशीला डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही तिला प्लॅटिनमची मारही सोसत नाही. शिवाय हा मार्कर औषधही निवडून देतो. ब्रॅका बिघडलेल्या बायकांना केमोनंतर दोन वर्षं ओलापॅरिबची गोळी देऊन पाहिलेल्या चाचणीत सात वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या, गोळी न मिळालेल्यांत ४६.५ टक्के. तुम्ही इंटरनेटवर वाचलेले पसरलेल्या रोगाचे पाच वर्षांचे तिसाच्या आसपासचे टक्के बहुतेक या गोळ्यांच्या आधीच्या बायकांचे आहेत.

आणि इथे ब्लॉक येतो. एचआरडीची तपासणी कॅन्सरच्या पेशींवर करायची असते. केमोचा परिणाम छान झाला तर ऑपरेशनच्या नमुन्यात पेशी उरतातच किती? मग आधार उरतो केमोपूर्वीच्या त्या बारीक बायोप्सीच्या पॅराफिन ब्लॉकचा. प्रत्येक नवा मार्कर करताना आम्ही त्यातून एक चकती कापतो, तीन-चार मायक्रॉनची, आणि ब्लॉक पुन्हा यंत्रावर सपाट करताना थोडा अजून वाया जातो. हौसेने आठ-दहा प्रोटीनं तपासून मग ‘एचआरडीला ऊतक पुरत नाही’ असा निरोप द्यावा लागला, हे मी एकाहून जास्त वेळा केलं आहे आणि पाहिलं आहे. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: आणखी मार्कर आत्ता नकोत. लॅबमध्ये जा, ब्लॉकचा नंबर रिपोर्टवर असतो तो सांगा, आणि ‘यावर अजून काही कापू नका, एचआरडीला लागणार आहे’ असं लेखी द्या. ब्लॉक घरी आणलात तर उन्हापासून दूर, कपाटात. एका कुटुंबाने तो फ्रीजवरच्या टोपलीत ठेवला होता, उन्हाळ्यात मेण मऊ पडलं.

ब्रॅकाची रक्ततपासणी मात्र ऑपरेशनची वाट न बघता आत्ताच होऊ शकते. रक्तात बिघाड सापडला तर तो तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. तुमच्या भावातही तेवढीच, तो पुरुष असला तरी. आईला तो आजी-आजोबांपैकी कुणाकडून आला असेल, म्हणजे मावशी आणि मामा दोघांनाही सांगावं लागेल, मामेबहिणींनाही. बीआरसीए-१ असेल तर ऐंशीपर्यंतच्या आयुष्यात ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका चाळीस टक्क्यांच्या वर जातो, बीआरसीए-२ मध्ये सतराच्या आसपास. मुलंबाळं झाल्यावर, पस्तिशी-चाळिशीत नळ्या आणि ओव्हरी काढून टाकण्याचा सल्ला देतात तो त्यासाठी. तुम्ही तुमचं वय लिहिलेलं नाही. आईच्या ऑपरेशनच्या धावपळीत ही तपासणी मागे पडते, म्हणून ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी जे रक्त काढतील त्यातच ती करून घ्या, आणि जेनेटिक कौन्सेलरची वेळ आधी घ्या, निकाल आल्यावर नव्हे.